पाण्याकडे पाठ

"आबा, ओला गोटास्वर जाऊ नका. आनि पानीकडे पाठ नका करू," भिकनने पुन्हा बजावलं. तो एसटीत, कोकणातल्या एका आगारात नोकरीला. दिवाळीनंतर आई-बाप गावाहून आले, तेव्हा सकाळच्या बसने त्याने त्यांना समुद्र दाखवायला आणलं होतं. एकीकडे उभा डोंगर, दुसरीकडे समुद्र, आणि मधल्या किनाऱ्यावर वाळूचा कण नाही. नुसते गुळगुळीत गोटे, करडे, तांबूस, पांढरे. भिकनची आई कमलबाई तर हरखूनच गेल्या. इथले कोळीसुद्धा कोरड्या गोट्यांवरच बसतात आणि भरती चढू लागली की उठतात, एवढं सांगून भिकन वरच्या टपरीवरून चहा आणायला गेला.

निंबाआबांना लेकाची शिकवण जरा झोंबलीच. शिरपूरकडे तापीकाठी त्यांचा जन्म गेला होता. पुरात वाहून चाललेली माणसं त्यांनी केसांना धरून बाहेर काढली होती. आता कालच्या पोराने त्यांना पाणी शिकवावं?

"तापीमायनी माले कधी धोका दिन्हा नही," असं म्हणत ते तांब्या घेऊन आंघोळीला उतरले.

कमलबाई रोजच्यासारख्या कोरडं धोतर धरून काठावर उभ्या राहिल्या. अडवावं असं मनात आलं. पण उभ्या संसारात त्यांनी या माणसाला कशातच अडवलं नव्हतं, ते आजच कुठून जमणार?

घात झाला तो रोजच्या नेमामुळे. आबा गुडघाभर पाण्यात गेले, तांब्या भरला आणि अर्घ्य द्यायला सूर्य शोधू लागले. तो डोंगरामागून वर येत होता. तापीत कुठेही तोंड केलं तरी बिघडत नाही. इथे पूर्वेला तोंड म्हणजे समुद्राला पाठ. सवयीने हात वर गेले, डोळे मिटले.

लाट फार मोठी नव्हती. तिने मागून गुडघ्यांत मारलं, पायाखालचे गोटे सरकले आणि आबा कोसळले. परतणारं पाणी गोट्यांसकट त्यांना खडखडत आत ओढू लागलं. पोहणाराच बुडतो म्हणतात ते खोटं नाही. कमलबाई धावणारच होत्या. पण पाय सरकले तर दोघंही जाऊ, हे त्यांना कसं कोण जाणे सुचलं. त्या कोरड्या गोट्यांत टाचा रोवून खाली बसल्या आणि धोतराचं एक टोक त्यांनी पाण्याकडे फेकलं.

"धरा. सोडू नका."

आबांनी धरलं. चहा टाकून भिकन धावत आला आणि मायलेकांनी त्यांना वर ओढून घेतलं.

आबांचे गुडघे सोलले होते. भिकन रागाने काही बोलणार, तोच आईने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. दुसऱ्यांना ओढून काढणाऱ्या माणसाला आज बायकोने ओढून काढलं होतं, आणि ते आबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कमलबाईंचा जीव तुटला. राग यायचा राहूनच गेला.

बसची वेळ झाली तेव्हा भिकन सामान घेऊन पुढे गेला. चढाच्या पायथ्याशी आबा थांबले.

"तू पुढे चाल," ते हळू आवाजात म्हणाले. "मी शे मांगे."

लग्न झाल्यापासून कमलबाई त्यांची पाठ बघत चालत आल्या होत्या. आता समोर वाट मोकळी होती आणि त्यांना पाऊल उचलवेना. शेवटी त्या पुढे झाल्या, आणि मागची पावलं ऐकू येत राहतील इतक्या सावकाश चढू लागल्या.