दोन प्रती, एकच कप्पा

"हिरवा दिवा लागला म्हणजे जागा झाला असं थोडंच असतं? डोळे उघडे ठेवून झोपणारी माणसं आमच्या घरातही आहेत," थोरल्या जाऊबाई सोल्डरिंग करता करता पुटपुटल्या.

धाकटीला हसू आलं नाही. तिच्या पुढ्यातला सलाइनचा पंप सकाळपासून तिसऱ्यांदा मेला होता. चारला गाडी येणार, अठरा पंप दवाखान्यात जाणार, आणि तपासणीच्या कागदावर 'नवी सिस्टिम भरताना वीज गेली तरी पुन्हा सुरू होतो' या ओळीखाली सही तिची.

पंपाचं बटण दाबलं की आधी एक छोटा प्रोग्रॅम उठतो आणि फ्लॅश मेमरीतून मोठ्या सिस्टिमला उठवून कामाला लावतो. तो छोटा प्रोग्रॅम धाकटीचा. पण मेमरीत काय कुठे ठेवायचं, हा आराखडा थोरल्या भाऊजींचा. अडीअडचणीला असावी म्हणून त्यांनी सिस्टिमची राखीव प्रत ठेवली होती. मूळ प्रतीला अगदी खेटून, त्याच कप्प्यात. नवी सिस्टिम भरायची तर आधी जुनी पुसावी लागते, आणि फ्लॅशचा स्वभाव असा, की पुसायचं म्हटलं की अख्खा कप्पाच साफ.

हे एव्हाना चौघांच्याही लक्षात आलं होतं, पण बोलून कुणी दाखवत नव्हतं.

"उठायच्या आधी जरा थांबव त्याला," भाऊजी म्हणाले.

"दहा सेकंद थांबवलं."

"मग वीस कर."

"भाऊजी, घरात कुणी नसलं तर कितीही वेळ बेल वाजवा..." वाक्य अर्धवट सोडून ती पंपाकडे वळली. स्वतःचं अर्धं टेबल रिकामं करून हे काम तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"वायर बदलून बघू या?" तिचा नवरा म्हणाला, आणि पुन्हा खोक्यांच्या चिकटपट्टीचं टोक शोधण्यात गढून गेला. वायर बदलून झाली होती, चिपही. आता माणसंच तेवढी बदलायची राहिली होती.

तिने चौथ्यांदा सिस्टिम भरायला घेतली आणि मध्येच प्लग उपटला. परत लावला. हिरवा दिवा. काळा पडदा.

भाऊजींनी पेन पुढे सरकवलं. "दवाखान्यात जनरेटर असतो गं. कर सही."

तिने टोपण काढलं, परत लावलं. रागाने डोळे भरून आले.

जाऊबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो, किल्ली हरवेल म्हणून दुसरी करून घेतलीत, आणि दोन्ही एकाच जुडग्यात अडकवल्यात. तिच्या प्रोग्रॅमला काही झालेलं नाही. आराखडा चुकलाय. तुमचा."