सात नंबरची खुर्ची

काउंटरवरच्या बाईने पास हातात घेतला, वहीत वेळ लिहिली आणि पेनाच्या टोकाने खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे खूण केली.

"सात नंबरची खुर्ची. खिडकीजवळची. चहा आणून देते."

"दुसरीकडे बसले तर चालेल का?" थोरलीने विचारलं.

"नंबरावरच बसा हो ताई. इथे स्पीकर नाही, माहीत आहे ना? विमान लागलं की मी स्वतः खुर्चीपाशी येऊन सांगते. एकदा तोंडाने, दुसऱ्यांदा खांद्याला हात लावून. तिसऱ्यांदा नाही. मोठी माणसं असतात सगळी, त्यांचं त्यांना कळतं."

थोरलीला हे माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी याच काउंटरवर, बहुतेक याच बाईने, तिला हेच सांगितलं होतं. तिने मान हलवली आणि पिशवी उचलली.

लाउंज हे नाव त्या खोलीला जरा जास्तच होतं. कंपनी लहान, विमान जेमतेम चाळीस माणसांचं, आणि खोली दाताच्या डॉक्टरकडे असते तशी. दहा खुर्च्या, काचेचं दार, एक गुरगुरणारा फ्रीज आणि भिंतीवर न वाळणारं प्लास्टिकचं झाड. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं, तरी आत गारठा होता. तीन खुर्च्यांवर माणसं होती. एक म्हातारे गृहस्थ तोंडावर रुमाल घेऊन झोपले होते. एक तरुण जोडपं एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं होतं.

आणि सात नंबरच्या खुर्चीत एक बाई बसली होती.

ती खिडकीकडे तोंड करून होती, त्यामुळे दिसत होती ती फक्त पाठ. अंगात आकाशी कोट होता. थोरली दोन पावलं पुढे गेली आणि जागीच थांबली. कोटाच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत चार बोटं रुंदीची एक पट्टी जोडलेली होती, रंगाला मिळती पण तंतोतंत नाही.

थोरली तीस वर्षं शिवणकाम करत होती. दुसऱ्याची शिवण आणि आपली शिवण यातला फरक तिला अंधारातसुद्धा बोटांनी कळला असता. तो कोट तिने स्वतः शिवला होता. कापड कमी पडलं होतं म्हणून ती पट्टी घातली होती, आणि आकाशी दोरा संपला म्हणून शेवटची वीतभर शिवण पांढऱ्या दोऱ्याने मारली होती. ती पांढरी वीतभर शिवण तिला इथून दिसत होती. आणि तो कोट तर तिने स्वतःच्या हातांनी कापला होता! त्याची खोळ करून शिलाई मशीनवर घातली होती. आज सकाळी घरातून निघताना तिने ती खोळ मशीनवर नीट ओढून घेतली होती.

माणसाने अशा वेळी ओरडावं, निदान काउंटरवरच्या बाईला हाक मारावी. थोरली चार नंबरच्या खुर्चीत हळूच बसली, दुसऱ्याच्या घरात न बोलावता आल्यासारखी.

काउंटरवरची बाई चहा घेऊन आली. ती थोरलीच्या समोरून गेली आणि कप सात नंबरपुढच्या टेबलावर ठेवला.

"साखर बेताचीच घातलीय, ताई," ती त्या पाठीला म्हणाली.

"अहो, तो माझा..." थोरलीने तोंड उघडलं. बाईने वळूनही पाहिलं नाही. परत जाताना तिचा पदर थोरलीच्या गुडघ्याला घासून गेला. तिथे रिकामी खुर्ची असावी तसा.

थोरलीने मोबाइल काढला. सकाळी सहा वाजता धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला होता.

"ताई, उद्या सकाळी ऑपरेशन आहे. हृदयाचं. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं असेल त्यांना आजच बोलवून घ्या. मी काय समजायचं ते समजलो. ती सारखं तुमचंच नाव घेतेय."

"मी येते. आज येते."

"नक्की ना, ताई?"

त्या 'नक्की ना' मध्ये काहीच नव्हतं. साधा घाबरलेला माणूस बोलत होता. पण थोरलीला त्यात दुसरंच काही ऐकू आलं होतं.

कारण बारा वर्षांपूर्वी असाच फोन आला होता, तो धाकटीचा होता. आई जाण्याच्या बेतात होती. "ताई, आई दाराकडे डोळे लावून बसलीय, तू ये." थोरली तो आकाशी कोट घालून निघाली, इथे आली, याच खोलीत सात नंबरच्या खुर्चीत बसली. बाईने येऊन सांगितलं, मग खांद्याला हात लावला. "हो, निघते," थोरली म्हणाली, आणि उठली नाही. तिला आई दिसत होती, पलंगात आक्रसून गेलेली, नळ्या लावलेली. ज्या बाईने दोन्ही पोरींना बखोटीला धरून वाढवलं, तिला तसं बघायचं म्हणजे! पाच मिनिटांनी उठू, असं ती मनाशी म्हणत राहिली. पाच मिनिटं झाली. पुन्हा पाच झाली. खिडकीतून विमान जाताना दिसलं.

त्या दिवसाचं एकच विमान होतं. पहाटे आई गेली.

थोरलीने धाकटीला फोनवर सांगितलं, विमान रद्द झालं, धुकं होतं. कसलं धुकं आणि कसलं काय, स्वच्छ ऊन पडलं होतं. धाकटी "बरं" म्हणाली. एवढंच. तेव्हापासून दोघी बहिणी दर आठवड्याला बोलत होत्या. पोरांच्या परीक्षा, गुडघे, रक्तदाब, पावसाळ्यात न वाळणारे कपडे, सगळं बोलून व्हायचं. आईचं नाव मात्र बारा वर्षांत एकदाही दोघींच्या तोंडातून निघालं नव्हतं.

सात नंबरच्या बाईने कप उचलला. चहा पिताना तिची मान किंचित डावीकडे कलली. थोरलीचा नवरा तिला यावरून आयुष्यभर चिडवत आला होता, "चहा पितेस की कपाचं गुपित ऐकतेस?" थोरलीने आपल्या मानेला हात लावला. मान गार पडली होती.

साडेतीन वाजले. काउंटरवरची बाई उठली. जोडप्यापाशी गेली, वाकून काही बोलली, ती दोघं हसत उठली आणि पिशव्या घेऊन बाहेर पडली. म्हाताऱ्या गृहस्थांना तिने दोनदा सांगितलं. तेही रुमाल घडी करत गेले. मग ती सात नंबरपाशी आली.

"ताई, विमान लागलंय हं. निघायची वेळ झाली."

पाठ हलली नाही.

थोरली चार नंबरच्या खुर्चीत बसून सगळं बघत होती. आपणही उठायला हवं, हे तिला कळत होतं. तिचं विमान तेच होतं. पण पाय उचलेना. धाकटी डोळ्यांपुढे आली, फ्रॉकमधली, दोन वेण्या घातलेली, आणि लगेच तिच्या जागी नळ्या लावलेली दुसरीच कुणी दिसायला लागली. पाच मिनिटांनी उठू, ती मनाशी म्हणाली. म्हटल्याबरोबर तिचं तिलाच ऐकू आलं, आणि तिला स्वतःची मनापासून किळस आली.

काउंटरवरच्या बाईने सात नंबरच्या खांद्याला हात लावला.

"ताई. शेवटचं सांगतेय."

"हो, निघते," ती बाई म्हणाली.

आवाज थोरलीचा होता. बारा वर्षांनी तरुण, पण थोरलीचाच. काउंटरवरची बाई आपल्या जागी परत गेली आणि वहीत डोकं घालून बसली. खोलीत आता फक्त फ्रीज बोलत होता. खिडकीबाहेर विमानाला शिडी लावलेली होती आणि माणसं एकेक करून चढत होती.

आकाशी कोट जागचा हलला नाही. एक मिनिट गेलं. दोन गेली. थोरली त्या पाठीकडे बघत होती, आणि भीती होती तिथे हळूहळू संताप भरायला लागला. काय ही बाई! सगळं ऐकू येतंय, हातपाय धड आहेत, दहा पावलांवर दार आहे. कुणी डांबून ठेवलंय का हिला? तिकडे कुणी तिची वाट बघत पडलंय, आणि ही खुशाल बसलीय ढिम्म!

"ऊठ गं," थोरली दातओठ खात म्हणाली.

काही झालं नाही.

"ऊठ की मेले!" तिचा आवाज फुटला. "आई वाट बघतेय ना!"

तो शब्द तोंडातून गेला आणि तिची तीच दचकली. काउंटरवरच्या बाईने वर पाहिलं नाही. पण सात नंबरची बाई उठली. तिने कोट झटकला, पिशवी खांद्याला लावली आणि मागे न बघता काचेच्या दाराकडे चालू लागली. तिची चाल भरभर होती. दार उघडलं, मिटलं, आणि ती गेली.

थोरली क्षणभर बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं, की ती गेली आणि आपण इथे बसलो आहोत.

तिने पिशवी उचलली. किती वर्षांत ती धावली नव्हती. गुडघा कळवळला, चप्पल सुटली, ती तशीच पायात अडकवून ती बाहेर पडली. मागून काउंटरवरची बाई ओरडली, "अहो, तुम्ही कुठून आलात? आत कोणी नव्हतं ना आता!" थोरली थांबली नाही.

बोळ लांबलचक होता आणि त्यात चिटपाखरू नव्हतं. टोकाला गेटवर एक गणवेशातला माणूस दोरी लावत होता.

"थांबा! थांबा हो!"

त्याने पास घेतला. पासचा फाडायचा तुकडा आधीच फाडलेला होता. त्याने पासकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तुम्ही आत्ताच आत गेलात की. बाहेर कधी आलात?"

"आले," थोरली धापा टाकत म्हणाली.

"कमाल करता. शिडी काढतायत तिकडे. पळा!"

विमानात तिने पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकूण एक चेहरा पाहिला. म्हातारे गृहस्थ होते, जोडपं होतं. आकाशी कोट कुणाच्याच अंगात नव्हता. तिची जागा रिकामी होती. ती बसली तेव्हा तिला ती गरम लागली, पण ऊन त्याच बाजूने येत होतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत सात वाजले. धाकटीचा नवरा जिन्यातच भेटला. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण एक घर चुकवून लावलेलं. तिला बघून त्याचे डोळे भरून आले.

"आलात, ताई. बरं झालं. दुपारपासून डॉक्टरांनी कुणाला आत सोडलं नाही, मलासुद्धा नाही. तुम्हीच पहिल्या. फक्त दहा मिनिटं, बरं का. औषधाने गुंगीत आहे, काही वेडंवाकडं बोलली तर मनावर घेऊ नका."

खोलीत एकच दिवा होता. नळ्या होत्या, यंत्र होतं, आणि पलंगात धाकटी होती, खरोखरच एवढीशी झालेली. थोरलीला वाटलं होतं की तिचे हातपाय गळतील. तसं काही झालं नाही. ती जवळ गेली आणि तिने बहिणीच्या केसांवरून हात फिरवला.

धाकटीने डोळे उघडले.

"परत आलीस?" ती म्हणाली.

"आत्ताच येतेय गं मी. थेट विमानतळावरून."

"मघाशी आली होतीस की. इथेच बसली होतीस." धाकटीचा आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता. "आईचं विचारलंस. म्हणालीस, आई कुठे आहे? मला आधी हसूच आलं. म्हटलं, बारा वर्षांनी आठवण झाली होय गं तुला?"

थोरलीने पलंगाची कड घट्ट धरली.

"मग?"

"मग सांगितलं सगळं. शेवटच्या दिवशी काय खाल्लं, काय बोलली. किती वेळ दाराकडे बघत होती. तू रडलीस. बाई गं, किती रडलीस! विमान रद्द झालं नव्हतं, तेही सांगितलंस. मी म्हटलं, मला माहीत आहे ते. मी त्याच दिवशी विमानतळावर फोन करून विचारलं होतं. तू सांगशील म्हणून थांबले होते."

यंत्र टिकटिकत राहिलं. दाराबाहेर कुणाची तरी पावलं आली आणि पुढे निघून गेली.

"आणि मग?" थोरलीने विचारलं.

"मग निघालीस." धाकटीने डोळे मिटले. "दारात थांबून म्हणालीस, मागून येतेय ती. आधीच घाबरलीय, तिला रागवू नकोस."

थोरलीने स्टूल पुढे ओढलं, धाकटीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तिच्या उशाशी वाकली.

"आईचं सांग ना," ती म्हणाली. "मला पहिल्यापासून सांग."