भिंगरीची अकरावी जबानी

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. एका वकिलांच्या ऑफिसात, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, निकाली फायलींच्या शेजारी मी पडून असतो. माझं झाकण तुटलं आहे. लाल बटण मात्र अजून शाबूत आहे. मित्रांनो, त्या बटणाचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

वकीलसाहेबांनी मला दुकानातून आणलं तेव्हा त्यांच्या दारावरची पाटी अजून ओली होती. त्यांच्याकडे नवरा-बायकोच्या भांडणांचेच खटले येत. साहेब येरझाऱ्या घालत मजकूर सांगत, मी तो टिपून घेई आणि टायपिस्टबाई कानाला इअरफोन लावून तो टाइप करत. "हा माझा उजवा हात आहे," असं साहेब आल्यागेल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत. तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगे.

मी काय काय ऐकलं! एका जोडप्याने बावीस वर्षांचा संसार चमच्यापर्यंत वाटून घेतला. शेवटी कुकर नवऱ्याकडे गेला आणि शिट्टी बायकोकडे. ते सांगताना साहेब पोट धरून हसले. टाइप करताना बाई मात्र हसल्या नाहीत.

भांडी वाटता येतात, मित्रांनो. मुलं वाटता येत नाहीत. मग त्यांच्यासाठी जे होतं, त्याला कोर्टात ताबा म्हणतात.

भिंगरी सात वर्षांची होती. एका जागी बसत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. तिचे वडील चष्म्यांचं दुकान चालवत आणि आई रुग्णालयात नर्स होती. दोघांचा घटस्फोट चालला होता आणि दोघांनाही मुलगी हवी होती. साहेब वडिलांचे वकील होते. भिंगरीच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा गुलाबी डाग होता. वडिलांचं म्हणणं, आईने रागाच्या भरात मुद्दाम तिच्या हातावर गरम दूध ओतलं. पुढच्या आठवड्यात न्यायाधीश भिंगरीला आपल्या खोलीत बोलावून एकटीलाच विचारणार होते. म्हणून वडील तिला सरावासाठी घेऊन आले.

साहेबांनी तिला बिस्कीट दिलं आणि माझं लाल बटण दाबलं. "बोल बाळ, हाताला काय झालं?"

"मीच पातेलं ओढलं," भिंगरी म्हणाली. "दूध अंगावर आलं. आईनं माझा हात नळाखाली धरला. ती रडत होती. मग मीपण रडले."

मग वडील तिच्यासमोर उकिडवे बसले. "भिंगरे, नीट आठव. आईनं ओतलं ना?"

"नाही बाबा."

"मुलं घाबरतात हो साहेब. तिकडे तिला दम दिलाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना विश्वास ठेवायचा होता आणि त्यांनी ठेवला. त्यांनी टेप मागे नेली आणि पुन्हा लाल बटण दाबलं. माझी रीत तुम्हाला ठाऊक असेल. नवं टिपताना जुनं पुसलं जातं. नळाचं पाणी पुसलं गेलं. आईचं रडणं पुसलं गेलं.

दुसऱ्यांदा ती तेच म्हणाली. तिसऱ्यांदाही. चौथ्या वेळेला वडील म्हणाले, "खोटं बोलणाऱ्या मुली मला आवडत नाहीत. तू इथेच बस, मी चाललो." आणि ते खरंच बाहेर गेले आणि दार बाहेरून ओढून धरून उभे राहिले. भिंगरी खुर्चीवरून उतरली आणि दाराला थडाथडा धडका देऊ लागली. सगळं ऐकूनही ते बराच वेळ आत आले नाहीत.

पाचव्यांदा ती गप्प बसली. सातव्यांदा तिने शिकवलं तसं म्हटलं, पण अडखळत. नवव्यांदा ते पाढ्यासारखं घडाघडा आलं. अकराव्या वेळेला तिने बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "आईनं माझ्या हातावर दूध ओतलं. आणि ती हसत होती."

हे तिला कोणीच शिकवलं नव्हतं.

वडिलांनी चमकून साहेबांकडे पाहिलं. साहेबांचं बोट माझ्यावर तसंच राहिलं. त्या क्षणी ते टेप मागे नेऊ शकले असते. त्यांनी मला बंद केलं आणि म्हणाले, "ठीक आहे. आज एवढं पुरे."

कोपऱ्यात बसून टायपिस्टबाईंनी सगळं ऐकलं होतं; बापलेक गेल्यावर त्या साहेबांच्या टेबलापाशी आल्या. "साहेब, पोरगी पहिल्यांदा जे बोलली तेच खरं होतं."

"बाई, मी माझ्या अशिलाचा वकील आहे. मुलीचा नाही."

"मग मुलीचा कोण?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तो पोटगीचा अर्ज संध्याकाळपर्यंत हवाय," ते म्हणाले. बाई जागेवर जाऊन बसल्या. घरी त्यांच्या जिवावर तीन माणसं जेवत होती.

न्यायाधीशांच्या खोलीत भिंगरी न अडखळता बोलली. निकालात एक वाक्य होतं, जे साहेबांनी बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं : आई हसत होती, असा तपशील इतकं लहान मूल मनाने रचू शकत नाही. भिंगरी वडिलांकडे गेली. आईला दर दुसऱ्या शनिवारी एक तास मिळाला, तोही कोर्टातल्या एका खोलीत, शिपायाच्या देखत.

चार महिन्यांनी आई ऑफिसात आली. अंगावर रुग्णालयाचा पांढरा गणवेश तसाच होता. साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही विरुद्ध पक्षाच्या. तुमच्या वकिलांमार्फत या. मला तुमच्याशी बोलता येत नाही."

"मी भांडायला नाही आले. एकच विचारायचंय." तिचा आवाज शांत होता. "मी भेटायला गेले की ती हात पाठीमागे लपवते. म्हणते, तू हसत होतीस. रोज आठवून बघते मी. ती किंचाळली, मी धावले, नळ सोडला, एवढंच आठवतं. पण माणूस घाबरलं की कधी कधी हसतं ना हो? तुम्ही इतकी माणसं बघता. मी हसले असेन का?"

साहेबांना उत्तर माहीत होतं. त्या खोलीत ते तिघांना माहीत होतं. बाईंची बोटं टाइपरायटरवर थांबली. मला तर तोंडच नाही. कोणी दाबलं तरच मी बोलतो.

"ताई, तुमच्या वकिलांमार्फत या," साहेब पुन्हा म्हणाले आणि उठून त्यांनी दार उघडून धरलं.

पुढे आईच्या वकिलाचं पत्र आलं. मुलगी भेटीच्या वेळी फार रडते, तिला त्रास होऊ नये म्हणून आई भेटीचा हक्क सोडत आहे. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "चला, फाइल बंद." त्याच आठवड्यात त्यांनी मला कपाटावर चढवलं आणि माझ्या जागी एक छोटं, नवं यंत्र आणलं. लोकांना वाटलं, मी जुना झालो. खरं तर माझ्याकडे बघणं त्यांना जड जात होतं. त्यांनी मला सोडलं, वकिली सोडली नाही. खाली अजूनही मुलं येतात, त्यांना बिस्कीट मिळतं, आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे माया मागतात. मला ती नको, मी तिच्या लायकीचा नाही. माझं एवढंच मागणं आहे. एखाद्या मोठ्या माणसाने तुम्हाला एकच गोष्ट तीनदा विचारली आणि तुमचं उत्तर त्याला पटेना, तर पहिलं उत्तर घट्ट धरून ठेवा. मनातल्या मनात म्हणा, मैत्रिणीच्या कानात सांगा, वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. आणि तरीही ते तुमच्या हातून सुटलं, तर स्वतःला खोटारडे म्हणू नका. तुम्ही लहान होता. दार बाहेरून धरलेलं होतं.