सानगडीतला तुर्कमेनी तोडा

मी चांदीचा तोडा बोलतोय. राहतो भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीत, पण जन्म माझा फार दूरचा. तुर्कमेनी वाळवंटातल्या एका सोनारानं शंभरेक वर्षांपूर्वी मला घडवलं, तांबड्या अकीकाचे तीन खडे बसवले आणि मनगटात सरकवता यावं म्हणून एका बाजूनं मोकळं ठेवलं. एका नवरीनं मला घातलं. तिच्या नातीनं विकलं. विकताना, मला गुंडाळलेला रुमाल दोनदा उघडून पाहिला तिनं.

पुढं काबूल, मग दिल्ली. तिथल्या एका दुकानात काचेमागं माझी बरीच वर्षं गेली. गिऱ्हाइकं उचलत, वजन विचारत, ठेवून देत. रीनानं मात्र विचारलं, "हा कोणत्या देशचा?"

रीना साकोलीच्या शाळेत भूगोल शिकवते. जुने दागिने जमवायचा तिला भारी नाद. इथिओपियाचे डूल, तिबेटची पिरोज्याची माळ. ज्या देशाचा धडा, तिथला दागिना घालून ती वर्गात जाते. मुलं आधी दागिना बघतात, मग नकाशा.

तिच्या सासूबाईंना, पार्वताबाईंना, हे रुचत नसे. "काहून घालतेस वं कोन्या मेलेल्या बाईचा दागिना?" त्या म्हणत. मला वाटे, यांना माझा रागच आहे.

मागच्या वर्षी पार्वताबाई धानाच्या बांधीतल्या चिखलात घसरल्या, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात काडीसारखा झालेला. त्या तो पदराखाली लपवू लागल्या. पुतणीचं लग्न आलं, तर म्हणाल्या, "मी नाही येत."

एका दुपारी रीना त्या हाताला तेल लावत होती. "आई, तुमी चांदी कधीच घातली नाही काय?"

पार्वताबाईंनी मनगटावरच्या गोंदणावरून बोट फिरवलं. "माह्या मायनं घातली होती एकडाव, जत्रेत. गावच्या मोठ्या मानसानं चारचौघांत उतरवाले लावली. म्हने, तुमच्या जातीनं कथलाचंच घालावं. मंग मायनं मले गोंदून देल्लं. म्हने, हे कोनी उतरवत नाही."

रीनाचे हात थांबले. तिनं मला स्वतःच्या मनगटावरून काढलं, त्यांच्या हातात सरकवलं आणि हळूच दाबून बसवलं. माझ्याखाली ते हिरवं गोंदण होतं.

"जड आहे वं," त्या म्हणाल्या.

"काढू काय?"

"राहू दे."

लग्नात तो हात पदराबाहेर होता. कोंढा गावाहून आलेल्या विहीणबाईंनी विचारलं, "कुठून घेतला वं?"

"सुनेनं देल्ला," पार्वताबाई म्हणाल्या, आणि हात जरा पुढं केला.

आता मी त्यांच्याच हातात असतो. तांदूळ निवडताना माझ्या नक्षीत कोंडा शिरतो, भांडी घासताना राख. रीना मला परत मागत नाही.

तुमच्या पेटीतही असा एखादा दागिना काळवंडत पडला असेल. त्याला बाहेर काढा. आणि घरात जिची घालायची हौस राहून गेली असेल, तिला आधी विचारा, घालतेस का म्हणून. येतो मी. पार्वताबाई अंगणात धान पसरायला उठल्या आहेत.