झाकलेला लेप

पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि दुपारची शांतता मोडली. तिनं धावत जाऊन गॅस बंद केला, वळून पाहिलं. भिंगरी नुसती कूस बदलून पुन्हा झोपली. म्हणजे पोरगी उठेपर्यंत अर्धा तास तरी हाताशी होता.

टेबलावर परवा आलेलं सरांचं प्रतिज्ञापत्र उघडंच होतं. इंधनघटाच्या, म्हणजे फ्युएल सेलच्या, पातळ पटलावर काळ्या शाईचा लेप द्यायचा आणि वाळताना त्याला भेगा पडू द्यायच्या नाहीत, एवढ्यासाठी तिनं तीन वर्षं हाडं झिजवली होती. सगळे हीटर वाढवत होते. तिनं तो बंद करून लेप ओलसर झाकणाखाली ठेवला. आता तिच्या पेटंटवर एका कंपनीनं हरकत घेतली होती: यात नवं ते काय, या कामातल्या कुणालाही हे सहज सुचलं असतं. आणि तसं शपथेवर सांगत होते त्याच कंपनीचे सल्लागार झालेले, तिला लेप पसरायचं पातं धरायला शिकवणारे सर.

वकीलबाईंचा फोन आला. सरांच्या शब्दाला वजन आहे, त्या म्हणाल्या, सोमवारी सुनावणीत तोंडघशी पडण्यापेक्षा तडजोड बरी. पेटंटवर सरांचं नाव आधी, तुमचं मागून. मग कंपनी हरकत मागे घेईल.

"कुणालाही सुचलं असतं, तर नाव कशाला हवंय त्यांना?"

"हट्टानं निकाल लागत नाहीत, बाई. तेव्हाचं काही कागदावर आहे?"

तिनं प्रयोगवहीची प्रत ओढली. वकीलबाईंनी तिच्यातल्या फक्त तारखा तपासल्या होत्या. प्रयोगशाळेचा नियम असा, की रोज संध्याकाळी दुसऱ्या कुणीतरी पान वाचून सही करायची. बाकीचे न वाचताच सही ठोकत. सर मात्र अक्षर न् अक्षर वाचत आणि समासात लाल शाईनं शेरा मारत.

भेगांची एकेचाळीस पानं उलटून ती थांबली. त्या दिवशी पाळणाघरातून भिंगरीच्या तापाचा फोन आला होता. धांदलीत हीटर लावायचा राहिला. धूळ नको म्हणून नुकतंच धुतलेलं झाकण लेपावर ठेवून ती पळाली होती. सकाळी एकही भेग नव्हती. आता हेच मुद्दाम करून पाहणार, असं तिनं लिहिलं होतं. समासात लाल अक्षरं होती: 'झाकून लेप वाळतो का कधी? योगायोग. वेळ दवडू नये, हीटर वाढवा.' खाली सही.

तिनं त्या सहीवरून बोट फिरवलं. भिंगरी झाली तेव्हा इस्पितळात सगळ्यांत आधी पोचले होते ते सरच.

मग त्या पानाचा फोटो काढून तिनं वकीलबाईंना पाठवून दिला.

"त्यांची अब्रू जाईल हो," वकीलबाई म्हणाल्या.

"लिहिलंय त्यांनी. मी फक्त पान उघडतेय. सोमवारी त्यांनाच वाचायला लावा, मोठ्यानं."

फोन ठेवून ती वळली, तर भिंगरी डोळे चोळत टेबलापाशी उभी. तिनं लाल अक्षरं लगेच ओळखली. तिच्या चित्रांच्या वहीतही दर रविवारी सरांचे असेच शेरे पडत.

"आजोबांचं अक्षर," ती खूश होऊन म्हणाली. "आई, ते या रविवारी येतील ना गं?"