सव्वीस अंश

हेलनचं पत्र आलं तेव्हा मी जळगावजवळ असोद्याला भागाआत्याच्या केळीबागेत होते. मे महिना, सकाळचे अकरा. आत्या पश्चिमेकडच्या रांगेतल्या घडांवर वाळलेली पानं बांधत होती आणि मी तिला एकेक पान हातात देत होते. फोन वाजला म्हणून पाहिलं.

हेलन न्यूझीलंडमधल्या एका खाडीवर छोट्या पेंग्विनांचं काम पाहते. सात वर्षांपूर्वी पीएच.डी.साठी मी तिच्याकडे दीड वर्ष होते. पत्र चार ओळींचं होतं. घरट्यांच्या नव्या खोक्यांचा आराखडा करण्यासाठी ती जुने मृत्यू तपासत होती. पश्चिम उतारावरच्या नऊ नंबरच्या खोक्यातली जोडी कशाने गेली ते अजून कळलेलं नव्हतं. ‘त्या दिवशी उतारावर तूच होतीस. काही आठवतं का?’

"कोनाचं वं?" आत्याने विचारलं.

"न्यूझीलंडहून. तिथले दोन पेंग्विन मेले होते, त्याबद्दल."

"सात वर्सानं सुतक आलं का?" ती हसली. "कशानं मेले?"

"उन्हानं."

"बर्फातला पक्षी ना तो? तिथं कुठलं ऊन? तू तर स्वेटर घालून फिरे. फोटो पाह्यला मी. बाकीचे समदे बनियनवर, अन् तू मधात लोकरीत गुंडाळलेली."

त्या फोटोची तारीख मला पाठ आहे.

हा पेंग्विन बर्फातला नाही. उंची दीड वीत, वजन सव्वा किलो, पाठ निळसर, पंखाला पांढरी किनार. मांजरं, कुत्री आणि मुंगसासारखे शिकारी प्राणी यांनी त्याची बिळं ओस पाडली, म्हणून लोकांनी उतारांवर लाकडी खोकी ठेवली. वर्षातून एकदा त्याची सगळी पिसं गळतात. नवी येईपर्यंत अंगात पाणी शिरतं, म्हणून दोन-अडीच आठवडे तो समुद्रात उतरत नाही, काही खात नाही, खोक्यात बसून राहतो. ऊन चढलं तरी त्याला जायला जागा नसते. त्यामुळे तिथे एक नियम होता. पिसं गळण्याच्या दिवसांत रोज अकरा वाजता उताराच्या टोकावरचा तापमापक पाहायचा. अठ्ठावीस किंवा त्याच्या वर गेला असेल तर खोक्यांवर ओली पोती टाकायची.

त्या दिवशी मी तापमापक पाहायला गेले नाही. माझ्या अंगावर स्वेटर होता आणि तो काढावासा वाटत नव्हता. जळगावच्या माणसाला हे माघातलं ऊन, असं मनाशी म्हणत मी खाली सावलीत पिसांचे नमुने पाकिटात भरत बसले.

चार वाजता नऊ नंबरचं झाकण उचललं. दोघं एकमेकांना टेकून पडले होते, चोची उघड्या.

नोंदवहीत अकराचा रकाना रिकामा होता. मी तिथे सव्वीस लिहिलं. घाईत लिहिलं नाही. पंचवीस फार कमी वाटलं असतं, अठ्ठावीसला पोती लागली असती.

सव्वीसला पेंग्विन मरत नाही. म्हणून ऊन हे कारण बाद झालं. तपासणीत काही सापडलं नाही, तरी रोगाचा संशय धरून उतारावरची चौदाही खोकी काढून जाळली. हा पक्षी जागा बदलत नाही. पुढच्या हंगामात सहा पक्षी तो उतार चढून आले आणि मोकळ्या जागेवर उभे राहिले, असं हेलनने कळवलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी दोन आले. नंतर मी विचारलं नाही.

ती नोंदवही माझ्या प्रबंधात आहे. प्रबंधावर कॉलेजातली नोकरी आहे. दर जूनला मी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते की जे पाहिलं तेच लिहा.

"आत्या, हे घड झाकायचे कधी, ते तू कसं ठरवतेस?"

"हात लावून." तिने माझा हात ओढून उघड्या घडावर ठेवला. पश्चिमेची बाजू चांगलीच तापली होती. "आपल्या डोक्याले चालतं म्हनून त्याले चालतं का? तू लहानपनी पानं देत होती ना वं मले? इसरली?"

"विसरले होते."

"मंग शिकून काय केलं?" असं म्हणून ती पुढच्या झाडाकडे वळली.

मी बांधावर बसून पत्र लिहिलं. तापमापक पाहिला नव्हता, पोती टाकली नव्हती, सव्वीस हा आकडा मी मनाने लिहिला. तोच आकडा प्रबंधातही आहे, विद्यापीठाला मी आजच कळवते आहे. पाठवण्याआधी बराच वेळ बोट नुसतं वर धरलं होतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यात राग नव्हता, क्षमाही नव्हती. पश्चिम उतारावर गेली चार वर्षं एकही पक्षी आलेला नाही. तिथे पुन्हा खोकी ठेवून पाहू, येतील असं वाटत नाही. शेवटी एक प्रश्न होता: खोक्यात पेंग्विन किती अंशांना मरतो हे ठरवायला आमच्याकडे फार थोड्या नोंदी आहेत. त्या दिवसाचा खरा आकडा कुठून मिळेल का?

घरी येऊन मी वरच्या फळीवरची तेव्हाची वही काढली, त्यात तापमानाचं काही नव्हतं. फोटो पुन्हा पाहिले. एका फोटोत उताराच्या टोकाला तापमापकाचा खांब दिसतो. मोठा करून पाहिला तर पांढरा ठिपका उरतो.

हेलनला लिहिलं, तो रकाना रिकामा ठेव.