निळ्या पाण्याची चहाडी

मी चहाडखोर बोलतोय. नाव ऐकून नाक मुरडू नका, हे माझं लाडाचं नाव आहे. कागदोपत्री मी 'जिवाणू ओळखणारा बायोसेन्सर', पण एवढ्या लांबलचक नावानं हाक कोण मारणार? जेवणाच्या डब्याएवढा माझा देह. वर झाकण, झाकणाखाली एक पट्टी आणि पुढे दोन दिवे. पट्टीवर थेंब पडला की त्यात जिवाणू आहेत का ते मी बघतो. असले तर लाल दिवा, नसले तर हिरवा. कुणाच्या थेंबात काय दडलंय ते चारचौघांत सांगून टाकायचं, हाच माझा धंदा.

माझा जन्म ज्या टेबलावर झाला तिथं तारा, स्क्रू आणि बिस्किटांचा चुरा गुण्यागोविंदानं नांदत होते. मला बनवणारा इंजिनिअर, म्हणजे माझा बापच म्हणा, मोठा हौशी माणूस. त्यानं माझ्या पट्टीला सोन्याचा पातळ मुलामा दिला आणि त्यावर जिवाणूंना पकडून ठेवणारे रेणू चिकटवले. जिवाणू आला की तिथं अडकतो, पट्टीतून जाणारी वीज जराशी बदलते आणि मला कळतं, पाहुणे आलेत. पहिल्यांदा मला सुरू केलं तेव्हा बापानं शुद्ध पाण्याचा थेंब टाकला. मी लाल! तो वैतागला, तारा उपसल्या, स्वतःला शिव्या घातल्या. मग त्याच्या लक्षात आलं की थेंब टाकताना आपण शिंकलो होतो. त्या दिवसापासून मी चहाडखोर.

पुढे त्यानं मला त्याच्या थोरल्या बहिणीच्या लॅबमध्ये नेऊन ठेवलं. तिला तो ताई म्हणतो, म्हणून माझ्याही त्या ताईच. ताई कॅन्सरवरची लस बनवतात. ही लस आजार होऊ नये म्हणून टोचायची नसते, झालेल्या आजाराशी लढायला टोचायची असते. रोग्याची काढलेली गाठ त्यांच्याकडे येते. त्या गाठीच्या पेशींवर निरोगी पेशींपेक्षा वेगळं काय आहे ते त्या शोधतात आणि तेवढ्याचीच लस करतात. थोडक्यात काय, शरीराच्या पहारेकऱ्यांना चोराचा फोटो दाखवायचा आणि म्हणायचं, हा बघा, हा आपल्यातला नाही. प्रत्येकाच्या गाठीतला चोर वेगळा, म्हणून प्रत्येकाची लसही वेगळी.

लस तयार झाली की छोट्या कुप्यांमध्ये भरून कडाक्याच्या थंडीत गोठवून ठेवतात. बहुतेक कुप्या टोचण्यासाठी, एक-दोन फक्त चाचणीसाठी. टोचायच्या दिवशी चाचणीची कुपी वितळवून तिचा एक थेंब माझ्या पट्टीवर टाकायचा, असं बहीणभावात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे बापानं हट्ट धरला आणि ताईंनी हो म्हटलं.

"ठेव तिकडे कोपऱ्यात," ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "आणि वायर माझ्या पायात आली तर तिनंच तुला खुर्चीला बांधीन."

त्यांचा विश्वास बशांवर. काचेच्या चपट्या बशीत जिवाणूंचं खाणं पसरायचं, त्यावर लसीचा थेंब टाकायचा आणि दोन आठवडे वाट बघायची. काही उगवलं तर लस खराब, नाही उगवलं तर चांगली. पद्धत जुनी आणि खात्रीची आहे, मी तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण बशा सांगतात ते लस भरली त्या दिवसाचं. आज काय झालं ते बिचाऱ्यांना कुठून कळणार?

कोपऱ्यात बसून मी माणसं बघायला शिकलो. ही माणसं कोपरापर्यंत हात धुतात, हातमोजे घालतात आणि मग त्याच हातानं नाक खाजवतात. प्रिंटर अडला की त्याला थोपटतात, नाही ऐकलं तर बुक्की. माझ्या दिव्याकडे बघताना मात्र सगळे श्वास रोखून धरतात. त्या एका क्षणात मला फार महत्त्व आल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू?

मग गाडी शिकवणारे सर आले. ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आपलं औषध शिजतं कुठं ते बघायचंच असा त्यांचा आग्रह, म्हणून ताईंनी त्यांना बायकोसह काचेपलीकडे उभं केलं. ट्रॉली ढकलत कुणी समोरून आलं की सरांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा.

"अहो, पाय आवरा," बाई कुजबुजल्या. "इथं ब्रेक नाहीये."

"अगं, सवय आहे. शिकाऊ लोकांनी लावलेली."

मला ते दोघं एकदम आवडले.

सरांची गाठ लहान होती आणि लस करताना ती सगळी वापरली गेली. आणखी लस हवी म्हटलं तर आणणार कुठून? आणि आधीच्या उपचारांनी त्यांच्या अंगात इतकी थोडी ताकद उरली होती की साधा जिवाणू रक्तात शिरला असता तरी जिवावर बेतलं असतं. म्हणजे लस फेकायची सोय नाही आणि खराब लस टोचायचीही सोय नाही.

पहिलं इंजेक्शन द्यायचा दिवस उजाडला. ताईंनी चाचणीची कुपी काढली आणि कोमट पाण्याच्या टबात धरली. हा स्टीलचा चौकोनी टब लॅबमध्ये सगळ्यांच्या वापराचा. पाणी अंगाइतकं गरम, त्यात जंतुनाशक घातलेलं, त्यामुळे छान निळं. कुपी वितळली, ताईंनी ती वरून पुसली, झाकण उघडलं आणि माझ्यावर थेंब टाकला.

मी लाल.

"परत बघ," ताई म्हणाल्या, जसा काही मी पहिल्यांदा डोळे मिटून बसलो होतो. नवी पट्टी घातली, नवा थेंब टाकला. मी परत लाल.

बापाला बोलावणं गेलं. तो धावतच आला.

"या लसीच्या बशा बघ," ताई म्हणाल्या. "दोन आठवड्यांत एक ठिपका नाही उगवला. आणि तुझा डबा म्हणतो लस घाण आहे?"

"ताई, डबा खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते का?"

"असं कुठं म्हटलं मी?"

"तोंडावर दिसतंय तुझ्या. लहानपणापासून असाच आहेस. माणूस खाली आशेनं बसलाय रे. हा त्याच्यासाठीचा शेवटचा उपाय आहे. एका डब्याच्या नादानं त्याला परत पाठवू?"

बापानं वाकून माझी पट्टी पुन्हा एकदा पाहिली. मला ओरडून काही सांगावंसं वाटत होतं. पण सांगणार काय? थेंबात जिवाणू आहेत एवढं मला पक्कं ठाऊक होतं. ते आले कुठून हे मलाही कळत नव्हतं. मी आपला लाल होऊन बसलो. ताईंनी त्या क्षणी माझी वायर ओढली असती तरी मी त्यांना दोष दिला नसता.

त्यांनी वायर नाही ओढली. सर आणि बाईंना वर बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. बशा काय म्हणतात, डबा काय म्हणतो.

"माझं मत विचाराल तर लस चांगली आहे," ताई म्हणाल्या. "पण हा लाल दिवा मला समजत नाहीये."

सरांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, लाल असताना मी कुणाला गाडी पुढे काढू देत नाही," ते म्हणाले. "रस्ता मोकळा दिसतोय असं शिकाऊ माणूस रोज म्हणतो मला. उद्या या म्हणा, उद्या येतो."

"पण उद्या तरी नक्की का हो?" बाईंनी विचारलं.

ते दोघं गेल्यावर ताईंनी नवे हातमोजे चढवले. मग भावाला म्हणाल्या, "चल. घाण कुठून तरी आलीच असेल. तुझ्या डब्याला एकेक गोष्ट चाखायला दे."

त्यानंतर माझी जी मेजवानी झाली! ड्रॉपर चाखला, हिरवा. शुद्ध पाणी, हिरवा. टेबलावर घासलेले हातमोजे धुतलेलं पाणी, तेही हिरवं. बापानं स्वतःचं बोट बुडवलेलं पाणी दिलं तेव्हा मी असा लाल झालो की ताईंना एवढ्या काळजीतही हसू आलं. "आधी हात धुऊन ये," त्या म्हणाल्या. होता होता टेबलावरचं सगळं संपलं.

"आता हा टब तेवढा राहिला," ताई म्हणाल्या.

"त्याचं पाणी निळं आहे की," बाप म्हणाला.

लॅबमध्ये सगळ्यांचं हेच. पाणी निळं आहे ना, मग झालं! ताईंनी तरीही ड्रॉपर बुडवला आणि थेंब माझ्यावर सोडला. त्यांचा हात मागे जायच्या आत मी लाल झालो होतो.

नव्या पट्टीवर नवा थेंब टाकला, तरी मी लालच.

"हे पाणी शेवटचं कधी बदललं?" बापानं विचारलं.

"मला वाटलं, इथली मुलं बदलतात," ताई म्हणाल्या. मुलांना विचारलं तर त्यांना वाटत होतं, ताई स्वतः बदलतात. टबातलं पाणी कमी झालं की जो तो वरून भर घालत होता. जंतुनाशकाची ताकद केव्हाच संपली होती, रंग तेवढा मागे राहिला होता. आणि कडाक्याच्या थंडीत कुपीचं झाकण आखडतं, कडेला केसाएवढी फट पडते. कुपी गळ्यापर्यंत बुडवली की पाणी गुपचूप आत जातं.

ताई हळूच म्हणाल्या, "सरांचा डोससुद्धा मी आज यातच वितळवणार होते."

बापानं टबाचं बटण बंद केलं.

सरांच्या लसीची चाचणीसाठी आता एकच कुपी उरली होती. ताईंनी ती पाण्याजवळही नेली नाही. खाच पाडलेल्या कोमट धातूच्या ठोकळ्यात ती कोरडीच वितळवली आणि थेंब माझ्या पट्टीवर ठेवला. तेवढ्या वेळात मला स्वतःचीच भीती वाटत होती. मी पुन्हा लाल झालो तर सरांसाठी काहीच उरणार नव्हतं, आणि दिवा काही माझ्या मर्जीवर लागत नाही. मी तो थेंब सगळा धुंडाळला. कोपरान्‌कोपरा बघितला. कुणी नव्हतं.

हिरवा!

बाप लहान मुलासारखा टाळ्या वाजवत सुटला. ताई हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकायला बाप जन्मभर टपून बसला असणार, पण ऐकल्यावर बिचाऱ्याला काय बोलावं ते सुचेना. "असू दे गं, चल चहा घेऊ," एवढंच म्हणाला.

तो टब ताईंनी स्वतः उचलून लॅबबाहेर नेला. दुसऱ्या दिवशी सरांना पहिलं इंजेक्शन मिळालं आणि मग ठरल्या वेळी एकेक पुढचं.

आता माझी धाकटी भावंडं निघाली आहेत. पातळ, देखणी, फोनला जोडता येणारी. बाप म्हणतो, जुना डबा काढून टाकू. ताई म्हणतात, "हात लावून तर बघ." मी सुखात आहे. काम आहे, जागा आहे, माझं ऐकणारी माणसं आहेत. यापेक्षा एका यंत्राला आणखी काय हवं असतं?

परवा सरांचं शेवटचं इंजेक्शन होतं. त्यांची तपासणी झाली तेव्हा नवी गाठ कुठं दिसली नव्हती. पुढचं पुढे बघायचं, डॉक्टर म्हणाले, पण सरांच्या अंगावर थोडं मांस आलं होतं आणि बाईंनी रंगीत साडी नेसली होती. ताईंनी दोघांना हातपाय धुवायला लावून, डोक्याला टोप्या घालून आत आणलं. चाचणीच्या कुप्या संपल्या होत्या, म्हणून टोचायच्या कुपीतलाच एक थेंब माझ्यावर ठेवला. मी हिरवा झालो.

सर खाली वाकले. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला.

"याला ऐकू येतं का हो?" त्यांनी विचारलं.

"छे! यंत्र आहे ते," बाप म्हणाला.

"तरी सांगून ठेवतो," सर म्हणाले आणि माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, "उपकार झाले, बाबा."

माझा दिवा जरा वेळ लागतो आणि विझतो, असंच मला बनवलंय. त्या दिवशी तो विझला नाही. सरांनी इंजेक्शन घेतलं, ते जिना उतरून गेले, खालचं दार लागल्याचा आवाज आला, तोवर मी हिरवाच होतो.

आतल्या तारेत काहीतरी बिघडलंय, असं बापाचं म्हणणं. शनिवारी तो मला उघडणार आहे. खुशाल उघड बाबा, धूळ झाड, पट्टी बदल, स्क्रू आवळ. तेवढा बिघाड मात्र राहू दे.